निळा जरा मागे

केस हार्डनिंगचा रंग पूर्ण काढून टाकायला कारागीर लागत नाही. पातळ केलेल्या व्हिनेगरचा बोळा बंदुकीच्या ॲक्शनवरून दोन-चारदा फिरवला की निळा, तपकिरी, गवती पिवळा, सगळं जातं आणि खालचं करडं पोलाद उघडं पडतं. काम मिनिटांचं. तोच रंग अर्धा ठेवायचा, तोही ठरावीक जागी, आणि आपण हात लावलाय हे चटकन कुणाच्या डोळ्यांत येऊ द्यायचं नाही म्हटलं, की आठवडा जातो. बर्मिंगहॅममध्ये जुन्या दुनळी बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपात मी आहे आणि गेल्या काही वर्षांत हे काम माझ्या टेबलावर जास्त यायला लागलंय.

ज्यांनी अशी बंदूक हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. नळ्या मागच्या बाजूला ज्या पोलादी ठोकळ्यात येऊन बसतात आणि काडतुसं घालताना जिथे बंदूक दुमडते, तो भाग म्हणजे ॲक्शन. चांगल्या बंदुकीला त्याच्या दोन्ही अंगांना लॉकप्लेटी असतात, त्यांच्या आत घोडे आणि खटके. बंदूक उचलली की नजर आधी इथेच जाते, म्हणून नक्षीही इथेच कोरतात. आणि हाताची सगळी पकडही इथेच येते, म्हणून हा भाग बाहेरून कठीण करावा लागतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये शिकलो. तिथे गिअर आणि पिना यायच्या. लोखंडी पेटीत कोळशाची पूड भरायची, त्यात माल पुरायचा, झाकण मातीनं लिंपायचं आणि ९०० अंशांच्या वर तासन्‌तास भट्टीत ठेवायचं. मऊ पोलादाच्या अंगात वरून कार्बन मुरतो, मग पाणी किंवा तेल दिलं की वरची कातडी काचेसारखी कडक आणि आतला गाभा चिवट. हेच केस हार्डनिंग. हे सगळं मला पाठ होतं. पण पाण्यातून निघालेल्या मालावर जो काही रंग दिसायचा तो आमच्या लेखी मळ होता. मिस्त्री तो पाहायचेदेखील नाहीत, माल थेट ब्लास्टिंगला जायचा. इथे आल्यावर पहिल्यांदा हार्डनिंग बघितलं तेव्हा भट्टी तीच, कोळसा जवळपास तोच, आणि सगळे जण पाण्यातून बाहेर येणाऱ्या त्या मळाकडेच श्वास रोखून बघत होते.

फरक तापमानाचाही आहे. बंदुकीची ॲक्शन साधारण ७०० ते ७६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात खेळवतात. मुशीत लाकडाचा कोळसा आणि हाडांचा कोळसा मिसळून भरतात. कार्बन फार खोल जात नाही, बहुतेक वेळा एक-दोन दशांश मिलिमीटर, आणि बंदुकीला तेवढं पुरतं. मग मूस उचलून ती थेट पाण्यावर उपडी करायची, अशी की भाग हवेत उघडा न पडता कोळशासकट पाण्यात जावा. पाण्यात खालून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. त्या क्षणार्धात पोलादावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जिथे पापुद्रा पातळ तिथे गवती पिवळा, जिथे थोडा जाड तिथे निळा, मध्ये तपकिरी आणि जांभळट. रंगद्रव्य असं काही त्यात नसतंच. पापुद्र्याच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि डोळ्याला रंग दिसतो. ओल्या डांबरावर पेट्रोल सांडलं की जे दिसतं तेच, फक्त गोठलेलं.

आमच्या कामाचा सगळा आधार एका गोष्टीवर आहे. हा रंगाचा पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, आणि खालची कडक कातडी त्याच्या शेकडो पट जाड. म्हणजे रंग उतरवला तरी कडकपणाला धक्का लागत नाही. बारीक कानस फिरवून बघा, ती रंग उडालेल्या जागीही घसरतेच. गिऱ्हाइकांना हे पटवायला वेळ लागतो. त्यांना वाटतं, रंग गेला म्हणजे बंदुकीचं पाणी गेलं.

आता अशीच एक बंदूक. हेरफर्डशायरमधल्या एका शेतकरी घरातली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्येच घडलेली साइडलॉक, म्हणजे दोन्ही अंगांना लॉकप्लेटी असलेली. पणजोबांनी घेतलेली. नक्षी इंग्रजांच्या लाडक्या ‘रोझ अँड स्क्रोल’ पद्धतीची, म्हणजे नखाएवढ्या जागेत पाच-सहा वेलबुट्ट्यांची वेटोळी आणि मध्येमध्ये गुलाबांचा झुबका. ही नक्षी खोल नसते. केसासारख्या रेघा असतात, आणि पाकळीची सावली म्हणून त्याहूनही बारीक रेघांची भरण. मालकानं ती आधी दुसरीकडे दिली होती, रंग नवा करायला. तिथून जी परत आली ती घेऊनच तो आमच्याकडे आला. बंदूक पेटीतून काढून त्यानं टेबलावर ठेवली, काही बोलला नाही, फक्त खिशातून एक जुना फोटो काढून शेजारी ठेवला. फोटो कृष्णधवल, त्यात रंग दिसण्याचा प्रश्नच नव्हता. नक्षी मात्र दिसत होती. आणि समोरच्या बंदुकीवर ती दिसत नव्हती.

हार्डनिंग वाईट झालं होतं असं मी म्हणणार नाही. ज्यानं केलं त्याला भट्टी कळत होती. ॲक्शन वाकली नव्हती, लॉकप्लेटी लाकडात जशाच्या तशा बसत होत्या. दोष एवढाच की त्यानं रंग खुलवण्यासाठी सगळा जोर लावला होता. झगझगीत निळा, त्याला लागून केशरी, मध्ये जांभळा. अमेरिकेतल्या पार्कर किंवा एल. सी. स्मिथ बंदुकांच्या शौकिनांना असा निळा आवडतो, त्या बंदुकांना तो शोभतोही. इंग्लिश बंदुकीवरचा जुना रंग पाहाल तर तो बहुतेक वेळा करडा-तपकिरी, त्यात कुठे धुरकट निळ्याची लकेर. शिवाय पूर्वीचे कारखानदार रंगावर लाखेचा हात द्यायचे. ती लाख आपल्याकडूनच, कलकत्त्यामार्गे इथे यायची. वर्षांनी लाख पिवळसर पडते आणि खालचा निळा आणखी मवाळ करते. नवीन रंग करणारा माणूस यातलं काहीच विचारात घेत नसेल तर तो बंदुकीला आत्ता भट्टीतून काढल्यासारखं करून सोडतो.

आमचे म्हातारे फोरमन अशा वेळी बंदूक हातात घेत नाहीत. ती उत्तरेकडच्या खिडकीपाशी कापडावर ठेवायला लावतात, दिवे घालवतात आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहतात. खिडकीतला उजेड एका बाजूनं सरळ येतो. कोरलेल्या रेघेची एक कड उजळते आणि दुसरी काळी राहते, आणि नक्षी वाचायची ती यावरच. प्लेटीवर निळ्या-केशरी रंगांचे डाग मोठाले असले की डोळा आधी डागाचा आकार पकडतो. मग गुलाब दिसत नाही, निळं बेट दिसतं, ज्याच्या आत कुठेतरी गुलाब असावा. फोरमननी तेव्हा एवढंच विचारलं, “यातलं काय कोरणाऱ्यानं केलंय आणि काय पाण्यानं, ते तुला इथून सांगता येतंय का?” नव्हतं येत. त्यांचा निकष तोच. उजेड हवा असतो मात्र दिवसाचा. इथे ऐन हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारायला लागतं आणि एलईडीच्या उजेडात निळा जितका आहे त्याहून भडक दिसतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी ही कामं दुपारच्या चहाआधीच बंद करतो.

रंग मवाळ करण्याखेरीज पोलादच शब्दशः मऊ करण्याचा एक दुसरा प्रकारही आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात, म्हणून तो आधी सांगतो. नक्षीच झिजली असेल तर ती पुन्हा कोरावी लागते, आणि कडक कातडीवर कोरणी चालत नाही. टोक एक तर घसरतं, नाही तर तुटतं. आमच्याकडे नक्षीचं काम करणारा जो आहे तो बंदुकीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर कोरणी टेकवून बघतो. टोकाखाली कीस निघाला तर ठीक, नुसता चरचर आवाज आला तर तो कोरणी खाली ठेवतो. मग अनीलिंग. ॲक्शन वापरून झालेल्या, दम गेलेल्या कोळशात पुरायची, म्हणजे नवा कार्बनही चढत नाही आणि हवा लागून खपलीही धरत नाही. लाल होईपर्यंत तापवायची आणि भट्टी बंद करून तिच्यातच रात्रभर थंड होऊ द्यायची. घाई केली, उघड्या ज्वाळेवर तापवलं, तर जी खपली निघते ती नक्षीच्या बारीक रेघा बरोबर घेऊन निघते. एवढं करून मऊ झालेल्या पोलादावर कोरायचं, पॉलिश करायचं आणि पुन्हा हार्डनिंग.

प्रत्येक तापवणीत पोलाद थोडं हलतं. ॲक्शनच्या पोटातल्या खाचेत आणि प्लेटींच्या मागे आधाराला लोखंडी ठोकळे पक्के करून बसवतात ते याचसाठी. तरीही नळ्यांचं बूड ॲक्शनच्या तोंडाला जिथे घट्ट टेकायला हवं तिथे केसभर फट पडू शकते, आणि शंभर वर्षांपूर्वी दिवा धरून काजळीच्या खुणांवर कुणीतरी मिळवलेला तो सांधा पुन्हा मिळवायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. अशी पुन्हा तापवलेली ॲक्शन आमच्या वर्कशॉपातून प्रूफला गेल्याशिवाय मालकाच्या हाती जात नाही. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ सालच्या कायद्यानं उभं राहिलं आणि अजून त्याच बॅनबरी स्ट्रीटवर आहे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून बघतात. टिकली तर शिक्का.

हेरफर्डशायरच्या बंदुकीला यातलं काही लागणार नव्हतं. भिंगाखाली बघितलं तर नक्षी बरीच शाबूत होती, फक्त खालच्या पट्टीवर, जिथे बंदूक हातावर तोलून चालतात तिथे, पाकळ्यांच्या सावलीच्या रेघा झिजल्या होत्या. नक्षीवाल्याचं मत पडलं की ती पट्टी मऊ करून पुन्हा कोरावी. फोरमन म्हणाले, चार रेघांसाठी सगळी ॲक्शन भट्टीत घालायची नाही. मालकालाही ती झीज चालत होती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती झीज त्याच्या आजोबांच्या तळहाताची होती. त्यामुळे भट्टी बाजूला राहिली आणि राहिला तो माझा भाग.

सुरुवात रंगानं नाही, स्क्रूंनी होते. चांगल्या इंग्लिश बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत, एका दिशेला असतात आणि डोक्यांवरची नक्षी शेजारच्या नक्षीशी जुळलेली असते. खाच इतकी अरुंद की बाजारातला कुठलाच स्क्रूड्रायव्हर बसत नाही. प्रत्येक खाचेसाठी पातं घासून तयार करावं लागतं, आणि ते घासण्याचा कंटाळा करणाऱ्यानं या धंद्यात येऊ नये. सगळे भाग सुटे झाले की पहिल्या फेरीत फक्त लाख आणि तेल काढायचं, स्पिरिटनं. पुष्कळदा भडकपणा निम्मा वार्निशचाच असतो. वार्निश नवं आणि चकचकीत असेल तर तो चकाकीचा थर रंग दुप्पट करून दाखवतो. या बंदुकीवर तसंच होतं. वार्निश गेल्यावर केशरी आपोआप गवती झाला. निळा होता तिथेच होता.

आता निळा. त्याच्यावर दोन प्रकारे जाता येतं, आम्लानं किंवा घासून. आम्ल म्हणजे व्हिनेगरच, पण पाण्यात इतकं पातळ की जिभेला जेमतेम लागावं. बोळा त्यात बुडवून पिळायचा, पुन्हा टिपकागदावर पिळायचा, आणि मग जवळपास कोरडा झालेला तो बोळा एकदाच, न थांबता पृष्ठभागावरून ओढायचा. थांबलात तर थांबलात त्या जागी गोल डाग पडतो आणि तो डाग बुजवायला शेजारचं सगळं उतरवावं लागतं. लगेच खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवायचं, गरम हवेनं सुकवायचं, तेल लावायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बघायचंही नाही. तेलाखाली ओला दिसणारा रंग आणि सुकलेला रंग यांत फरक असतो.

आम्लाची एक अडचण आहे. ते रेघेत शिरतं. कोरलेल्या रेघेच्या तळाशी हार्डनिंगच्या वेळी जो काळसर थर धरतो, त्याच्यामुळे रेघ काळी दिसते आणि नक्षी उठते. आम्लानं तो धुतला की नक्षी पांढरी पडते, आणि आत राहिलेला थेंब महिन्याभरानं गंजाचा ठिपका होऊन वर येतो. म्हणून नक्षीच्या दाट भागात मी आम्ल वापरतच नाही. तिथे घासायचं.

घासायचं म्हणजे काय, ते एकदा लॉकप्लेटीवर बघावं. हातात चपटी लाकडी पट्टी, बोटाच्या रुंदीची. तिच्यावर ताणून चिकटवलेलं कडक फेल्ट. त्यावर तेलात कालवलेली रॉटनस्टोनची, म्हणजे पॉलिशच्या मऊ दगडाची पूड, अगदी चिमूटभर. पट्टी सपाट असल्यामुळे फेल्ट फक्त वरच्या पातळीला लागतं, रेघांच्या आत उतरत नाही. दहा-बारा हलके हात मारले की रेघांच्या मधल्या जागेतला निळा किंचित विरळ होतो आणि रेघेतला काळा जसाच्या तसा राहतो. म्हणजे रंग उतरतोय त्याच वेळी नक्षी चढतेय. मऊ कापडानं हेच केलं तर उलटं होतं. कापड रेघेत शिरतं, काळं पुसून आणतं आणि वर निळा तसाच ठेवतं. चार शून्यांचं स्टील वूल पुष्कळ जण वापरतात. मीही मोकळ्या जागांवर तेलात भिजवून वापरतो, पण गुलाबांवर नाही. त्याचे तंतू रेघांच्या कडा पकडतात.

घासताना निळा सगळ्यांत आधी ढळतो. गवती आणि तपकिरी जास्त चिवट निघतात, निदान माझ्या हाताखाली तरी. ते एका अर्थी सोयीचं आहे, कारण जुन्या बंदुकांवर उरलेला रंगही साधारण तसाच असतो. पण त्यामुळे एक मोहही होतो. निळा उतरू लागला की बंदूक झपाट्यानं जुनी दिसायला लागते, आणि हाताला त्याची चटक लागते. अजून थोडा, अजून थोडा. खालच्या पट्टीवर करडं पोलाद दिसू लागतं, तिथून वर कडेपर्यंत जायला किती वेळ लागतो! इथे माझ्या आणि खोटेपणाच्या मध्ये पाच-सहा हातांचं अंतर असतं.

कारण खरी झीज कशी असते हे आम्हाला तोंडपाठ आहे. खालची पट्टी आधी पांढरी होते, मग प्लेटींच्या फुगीर जागा, मग फेन्सेस, म्हणजे नळ्यांच्या बुडामागचे ॲक्शनवरचे गोलसर फुगवटे. रंग टिकतो तो वरच्या लिव्हरच्या सावलीत, फेन्सच्या मागच्या खोबणीत, चापाच्या कमानीच्या बुडाशी आणि लाकडाला लागून असलेल्या कडेला. हा नकाशा माहीत असला की हव्या त्या वयाची बंदूक करून देता येते. आमच्याकडे एक दलाल यायचा, त्याला हेच हवं असायचं. नवा रंग करून घ्या, मग तो शिकारीच्या साठ हंगामांएवढा झिजवा. त्याची भाषा फार गोड होती, ‘प्रामाणिक झीज’ म्हणायचा. अशी बंदूक लिलावात मूळ रंगाची म्हणून उभी राहते. अमेरिकेतल्या संग्राहकांत तर मूळ रंग किती टक्के उरलाय यावर भाव ठरतो. फोरमननी त्याला चहा पाजला आणि काम परत दिलं. त्यानं ते दुसरीकडे करून घेतलं असणार, त्याबद्दल मला शंका नाही.

मग आम्ही जे करतो ते वेगळं कसं, असं नक्षीवाल्यानं मला एकदा तोंडावर विचारलं. बरोबर होतं त्याचं. पट्टी तीच, पूड तीच. मी उत्तर दिलं ते असं, आणि अजून माझ्याकडे याहून चांगलं नाही. मी झिजेच्या नकाशाप्रमाणे उतरवत नाही. नक्षीच्या दाट भागात सगळीकडे सारखा उतरवतो, तळहात पोचेल तिथेही आणि न पोचेल तिथेही. म्हणजे रंग मवाळ होतो, पण बंदुकीचं वय वाढत नाही. जाणकार माणसानं फेन्सच्या मागच्या खोबणीत भिंग लावलं तर तिथला निळाही विरळ केलेला त्याला दिसेल आणि हे काम नवं आहे हे लगेच कळेल. मी ती खोबण मुद्दाम तशी करतो. तेवढ्यासाठी वेगळी, काडीएवढी पट्टी ठेवलीय.

शिवाय नोंद. लॉकप्लेटीच्या आतल्या बाजूचे, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो फाइलला जातात आणि बिलावर स्पष्ट लिहिलं जातं की रंग मूळ नाही, कधी आणि किती उतरवला. मालक उद्या बंदूक विकताना ते बिल फाडून टाकू शकतो, त्याला आमचा इलाज नाही. पण आमच्या फाइलमध्ये ते राहतं आणि बंदुकीच्या नंबरावर कुणी विचारलं तर मिळतं.

या सगळ्यात एक विचित्र गोष्ट आहे, ती आमच्या धंद्याच्या रचनेतून आली. बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमध्ये बंदूक कधीच एका हाताची नव्हती. नळीवाला वेगळा, ॲक्शनवाला वेगळा, दस्ता बसवणारा, पॉलिशवाला, नक्षीवाला, हार्डनर, सगळे वेगळे, आणि अर्धवट बंदूक प्राइस स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट अशा गल्ल्यांतून एका दारातून दुसऱ्या दारात जायची. १९६० च्या दशकातल्या रिंग रोडनं त्यातलं बरंच पुसून टाकलं. त्या साखळीत नक्षीवाल्यानंतर हार्डनर यायचा. म्हणजे ज्यानं महिनाभर डोळे फोडून कोरलं, त्याच्या कामावर शेवटचा हात अशा माणसाचा, ज्यानं ते काम कधी वाचलंच नसेल, आणि त्याच्याही हातात फार काही नाही, शेवटी पाणी ठरवतं. जुने हार्डनर अनुभवानं पाण्याला आवरत असावेत. नाहीतर इतक्या इंग्लिश बंदुकांवर रंग इतका समजूतदार आला नसता. आज भट्टीचं तापमान एका अंशापर्यंत आकड्यांत दिसतं आणि रंग मात्र जत्रेतला येतो, कारण भट्टीसमोर उभा असलेला माणूस रंगच बघतोय, नक्षी नाही.

काही मालक मात्र रंगच नको म्हणतात. इंग्लंडमध्ये बऱ्याच बंदुका पहिल्यापासून चकचकीत पांढऱ्या ठेवल्या गेल्या आहेत, नक्षी आरशासारखी लखलखावी म्हणून. त्या बाबतीत माझं मत कुणी विचारत नाही, पण उन्हात अशा बंदुकीवरही गुलाब दिसत नाहीत, चकाकीच दिसते.

आईला मी काय काम करतो ते फोनवर सांगायचं म्हणजे कसरत. बंदुका म्हटल्यावर तिचा जीव खालीवर. शेवटी मी कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या शिकारीच्या बंदुका तिला आठवायला लावल्या, तिथल्या शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालयात लहानपणी बघितलेल्या. तसल्या इंग्लिश बंदुका दुरुस्त करतो म्हटलं. मग तिचं समाधान झालं. भारतातल्या संस्थानिकांनी इथल्या कारखान्यांना भरपूर काम दिलं होतं. सोन्यानं जडवलेली राजमुद्रा असलेली एखादी बंदूक अजूनही लिलावातून फिरत फिरत इथल्या टेबलांवर येते. अशा बंदुकांवर उष्ण-दमट हवेनं आणि अति पुसण्यानं रंग सहसा उरलेलाच नसतो. त्यांच्याबाबतीत आमचा प्रश्न उतरवण्याचा नाही, काही चढवावं की नाही असा असतो, आणि मी बहुतेक वेळा ‘नको’ म्हणतो.

हेरफर्डशायरची बंदूक सप्टेंबरअखेर द्यायची होती. १ ऑक्टोबरला फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. शेवटच्या दिवशी दिवे घालवून ती खिडकीपाशी ठेवली. दोन पावलांवरून गुलाब दिसत होते, वेटोळी दिसत होती, रंग होता, पण नजर त्याच्यावर अडत नव्हती. डाव्या प्लेटीच्या वरच्या कोपऱ्यात एक निळी लकेर मात्र अजून थोडी पुढे येत होती. मी पट्टी उचलली आणि पुन्हा ठेवली. त्या जागी नक्षीच नव्हती, नुसतं मोकळं पोलाद होतं. तिथला निळा कुणाच्या आड येत नव्हता.

फोरमननी बघितलं, मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ गेल्या इतक्या वर्षांत मला पुरता कळलेला नाही. लाखेचा अगदी पातळ हात देऊन सुकवली. मालक आला, त्यानं आधी खालची पट्टी अंगठ्यानं चाचपली, मग बंदूक खांद्याला लावून बघितली, आणि मगच प्लेट उजेडाला धरली. रंग किती दिवस टिकेल, एवढंच त्यानं विचारलं. मी सांगितलं, काचेच्या कपाटात उन्हात टांगलीत तर फिकट पडेल, आणि शिकारीला नेलीत तर तुमच्या हातानं झिजेल. “नेणार आहे,” तो म्हणाला आणि बिल घडी करून बंदुकीच्या पेटीच्या झाकणात, जुन्या लेबलाच्या शेजारी खोचलं.

नक्षीवाला त्या दिवशी सुट्टीवर होता. नंतर फोटो पाहून तो म्हणाला, डावीकडचा निळा जास्त राहिलाय, मी असतो तर काढला असता. मी म्हटलं, तिथे तुझं काही नव्हतं. तो म्हणाला, म्हणूनच. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.